टोळी बाहेर आली होती

फोन आला तेव्हा वृंदाताई गच्चीत कढीपत्त्याच्या कुंडीत ताक ओतत होत्या. पलीकडून श्यामकांत नाबर बोलत होते.

नाबर सर म्हणजे बदलापुरातले निवृत्त इंग्रजी शिक्षक. अंबरनाथच्या कारखान्यांची इंग्रजी कागदपत्रं शुद्ध करून देणं हा त्यांचा म्हातारपणीचा उद्योग.

"मॅडम, त्या अपघाताचा अहवाल टाइप करून झालाय. एका क्रियापदावर अडलंय," ते म्हणाले. "'द गँग वॉज आउट' करू की 'द गँग वेअर आउट'? तुम्ही समितीवर आहात, म्हणून विचारतो."

वृंदाताईंनी ताकाचं पातेलं कठड्यावर ठेवलं.

समितीची पहिली बैठक दुसऱ्या दिवशी होती.

"सर, चौकशी अजून सुरूच झालेली नाही," त्या म्हणाल्या.

नाबर हळूच म्हणाले, "हो, ते माझ्याही लक्षात आलं. पण मला कधीच चौकशीबद्दल विचारत नाहीत. व्याकरणाबद्दलच विचारतात." मग त्यांनी तो तयार अहवाल फोनवरच वाचून दाखवला.

आनंदनगरच्या त्या कारखान्यात चार दिवसांपूर्वी एक मुलगा मेला होता. अक्षय त्याचं नाव. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून ठेकेदाराची टोळी साफसफाईला यायची, तिच्यातला. रसायन शिजवायच्या मोठ्या बंद टाकीत उतरून तळाची खरड काढायची, हे टोळीचं काम. टाकी साफ झाली, आतली हवा हुसकायला नायट्रोजन सोडला, आणि झाकण बसवताना कळलं की तळाशी माणूस आहे. नायट्रोजनला ना रंग, ना वास. दोन श्वासांत माणूस खाली बसतो आणि उठत नाही.

पोलिसांनी अपघाती मृत्यूची नोंद केली होती. पण इंग्लंडमधल्या मोठ्या ग्राहकानं स्वतंत्र चौकशीचा अहवाल मागितला होता आणि समितीत बाहेरचा एक विज्ञानाचा माणूस हवा, असा आग्रह धरला होता. वृंदाताई उल्हासनगरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. कमी बोलणाऱ्या, वयस्कर, साडीतल्या. कंपनीला त्या सोयीच्या वाटल्या असाव्यात.

---

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी बदामाच्या झाडाखाली एक बाई बसलेली होती. नऊवारी लुगडं, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. वॉचमन कुजबुजला, "त्या पोराची आई. गोजरबाई. रोज येते. बोलते, कागदात काय लिहिलं ते सांगा, मग जाते."

फाटकाच्या आत गणपतीची छोटी घुमटी होती. दुसरा वॉचमन चिंच लावून पितळेची समई घासत होता. "सकाळी घासा, संध्याकाळी परत काळी," तो वैतागून म्हणाला. हवेत सडक्या अंड्यांचा वास होता. सोडियम सल्फाइड वापरणाऱ्या कारखान्यात दुसरं काय होणार, असं मनाशी म्हणत वृंदाताई आत गेल्या.

समिती तिघांची. अध्यक्ष हिमानी सरदेशमुख, कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख. तरतरीत, नेटकं बोलणाऱ्या. दुसऱ्या वृंदाताई. तिसरा कामगारांचा प्रतिनिधी. तो भगवंत नावाचा गृहस्थ होता. कामगार पुरवणारा ठेकेदार तोच, हे कळल्यावर वृंदाताईंनी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

उत्पादन आणि सुरक्षा, दोन्हीचे अधिकारी उन्मेष पाठारे यांनी जागा दाखवली. पस्तिशीचे, हसतमुख. लोखंडी जिना चढून वर गेलं की टाकीचं तोंड आणि शेजारी भिंतीवर एक लाकडी फळी. फळीवर लाल रंगाच्या हुकांची रांग.

"सिस्टिम एकदम साधी आहे, मॅडम," पाठारे म्हणाले. "प्रत्येकाला पितळेचा स्वतःचा बिल्ला. आत उतरताना आपला बिल्ला हुकावर अडकवायचा. बाहेर आला की काढून घ्यायचा. फळी रिकामी म्हणजे टाकी रिकामी. मगच नायट्रोजन."

"ही पद्धत कधीपासून?"

"मागच्या ऑडिटपासून. वर्ष उलटून गेलं."

"आणि त्या दिवशी?"

"फळी रिकामी होती. टोळी बाहेर आली होती. हा मुलगा नंतर परत उतरला. त्याचा बिल्ला त्याच्या शर्टाच्या खिशात मिळाला, पोलिसांसमोर. म्हणजे बिल्ला न लावताच गेला." पाठाऱ्यांनी आवाज खाली आणला. "घेतलेली असणार. आत गार असतं, झोपला असेल."

"शवविच्छेदनात दारू सापडली?"

"रिपोर्ट यायचाय अजून."

"मग अहवालात कशी सापडली?"

पाठारे नुसते हसले.

वृंदाताईंनी चष्मा वर केला आणि फळीजवळ गेल्या. पहिल्या हुकाचा रंग पार घासून गेला होता, आतलं लोखंड चकचकत होतं. बाकीचे हुक लालभडक होते. त्यांनी एकेका हुकावरून बोट फिरवलं आणि रुमालाला बोट पुसलं.

---

साक्षी कॉन्फरन्स हॉलमध्ये झाल्या. कोपऱ्यात नाबर सर लॅपटॉप उघडून बसले होते.

पहिला आला ऑपरेटर विनीत. अंबरनाथचाच, पोरसवदा, डोळे सुजलेले.

"व्हॉल्व्ह तू उघडलास?"

"हो मॅडम. पाठारे सर बोलले, बॅच लेट होतेय, बोर्ड खाली आहे, एकही बिल्ला नाही, चालू कर."

"तू स्वतः बोर्ड पाहिलास?"

"खाली होता. कसम से."

"आत डोकावलास?"

विनीतनं मान खाली घातली. "नंतर. झाकण लावताना टॉर्च मारला. पिवळं हेल्मेट दिसलं. मला वाटलं, कोणी विसरलं."

पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवून वृंदाताईंनी पुढचं विचारलं. अक्षयला वर काढल्यावर काय झालं? सगळे त्याला घेऊन जीपकडे धावले, असं तो म्हणाला. टोळीतले सगळे जीपमध्ये चढले, जागा नव्हती तरी.

"सगळे?"

"मुकादम राहिला. त्याला सरांनी केबिनमध्ये बोलावलं होतं."

मग टोळी आली. मुकादम धर्मराज पुढे, बाकीचे मागे. आडव्या हाडाचा, रुंद खांद्यांचा माणूस. तो अक्षयचा सख्खा मामा होता. एकेकट्याला बोलवा, असं वृंदाताईंनी सांगितलं. भगवंतला ते पटलं नाही. टोळी कायम एकत्रच येते, म्हणाला. हजेरी मुकादमाच्या नावावर, चहाची किटली एक, दिवाळीची मिठाईसुद्धा मुकादमाच्या हाती. "मुकादम आला म्हणजे टोळी आली, मॅडम. आमच्याकडं असंच चालतं."

वृंदाताई ऐकत नाहीत असं बघून शेवटी एकेकाला आत सोडलं.

धर्मराज म्हणाला, "मी हाळी दिली. टोळी वर आली. ज्यानं त्यानं आपला बिल्ला घेतला. अक्षय मागनं परत उतरला, त्ये आमाला ठावं नाय."

बाळा नावाचा तरुण आला. म्हणाला, मुकादमानं हाळी दिली, टोळी वर आली, ज्यानं त्यानं आपला बिल्ला घेतला, अक्षय मागनं परत उतरला ते ठावं नाय. त्याच्यामागून आलेल्यांनीही तेच म्हटलं. शब्द तेच, दम घ्यायच्या जागाही त्याच.

टाकीच्या तोंडाशी बसून खरडीच्या बादल्या वर ओढायचं काम सगुणाबाईंचं होतं. त्या खुर्चीत बसायला तयार नव्हत्या, उभ्याच राहिल्या. अनवाणी पाय, पायातली जोडवी शिसवासारखी काळी.

"अक्षयनं आपला बिल्ला काढून घेतलेला तुम्ही पाहिलात?"

सगुणाबाईंनी आधी भगवंतकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "टोळीनं घेतला. मंग त्यानंबी घेतलाच आसंल."

"तुम्ही पाहिलात का, सगुणाबाई?"

"मी बादली वतायला गेलती."

वृंदाताईंनी सगळ्यांना आपापले बिल्ले टेबलावर ठेवायला सांगितले. अक्षयचाही मागवला. पाठाऱ्यांनी तो बंद पाकिटातून काढून दिला. रांगेत मांडल्यावर धर्मराजाचा बिल्ला काळपट दिसत होता, कडा गुळगुळीत झालेल्या. बाकीचे पिवळेधमक. अक्षयचाही.

"छान ठेवलेत," वृंदाताई म्हणाल्या.

"वस्तूची काळजी घेतात आमचे लोक," पाठारे म्हणाले.

दुपारच्या सुट्टीत नाबर सर चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले. त्यांचं क्रियापद अजून अडलेलंच होतं. हिमानी मॅडमना 'वॉज' हवं होतं, कारण कंपनीचा नमुना अमेरिकन. ग्राहक इंग्रज, आणि तिकडे 'वेअर'ही चालतं.

"दोन्ही बरोबर कसं असेल?" वृंदाताईंनी विचारलं.

"बघणाऱ्यावर आहे. टीम, कमिटी, गँग, फॅमिली. समूह एकच वस्तू म्हणून बघितला तर एकवचन. आतली माणसं वेगवेगळी दिसत असतील तर अनेकवचन. 'फॅमिली' मोठी आहे, तेव्हा एकवचन. 'फॅमिली' आपसात भांडतेय, तेव्हा इंग्रज अनेकवचन लावतो. अमेरिकन म्हणतो, भांडू देत, आम्हाला एकच दिसतं." नाबर सरांनी चहात बिस्किट बुडवलं. "पोरांना मी सांगायचो, आधी ठरवा, तुम्हाला एक दिसतंय की अनेक? मग क्रियापद लिहा."

"मराठीत ती सोय नाही."

"नाही ना. टोळी आली. टोळी गेली. संपलं."

"आणि पाठारे साहेब एकटे आले तरी 'आले'," वृंदाताई म्हणाल्या. "एका साहेबाला अनेकवचन, अख्ख्या टोळीला एकवचन. आपलं व्याकरण फार प्रामाणिक आहे, सर."

नाबर सर हसले नाहीत. बिस्किट चहात विरघळून तळाशी गेलं होतं, ते बघत राहिले.

---

सुट्टी संपायच्या आत वृंदाताई फाटकापाशी गेल्या. गोजरबाईंनी पदरानं जमीन झटकली आणि बसायला जागा करून दिली.

"बाई, तुमी समितीवाल्या ना? इंग्रजीत काय लिवलंय माज्या पोराविषयी?"

वृंदाताईंनी खोटं बोलायचं टाळलं. "अजून पक्कं झालेलं नाही."

"मला ठावं हाय काय लिवलंय. पाड्यावर समदी तेच बोलत्यात. दारू पिऊन आत निजला, बोलत्यात." गोजरबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "नवरा माजा दारूनंच गेला. त्या दिसापास्नं अक्षय दारूच्या वासालाबी उभा ऱ्हात नव्हता. लग्नाच्या वरातीतनं उठून घरी यायचा. पोरगा तर गेलाच. त्येच्या नावाम्होरं काय लागतंय, येवढंच माज्या हातात ऱ्हायलंय."

पिशवीत काय आहे, असं वृंदाताईंनी विचारलं. पोलिसांनी दिलेल्या त्याच्या वस्तू. गोजरबाईंनी एकेक काढून मांडीवर ठेवली. फुटलेला मोबाइल. कंगवा. जत्रेत घेतलेलं तांब्याचं कडं, आता काजळासारखं काळं. कपडे बदलायच्या पडवीत खिळ्यावर टांगलेला एक शर्ट, निळ्या चौकड्यांचा.

"हाच शर्ट? याच्याच खिशात बिल्ला मिळाला?"

"हाच. पोलीस बोलले."

वृंदाताईंनी शर्ट हातात घेऊन उलगडला. खांदे चांगलेच रुंद होते. गोजरबाईंनी पिशवीच्या तळातून काढून दाखवलेल्या फोटोतला मुलगा मात्र काटकुळा.

"हा त्याचा नाही."

"धर्माचा हाय. माज्या भावाचा. अक्षयचा शर्ट राती धुतलेला, वाळलाच नव्हता. तर म्हनला, मामाचा घालून जातो. तंबू घातल्यागत दिसत व्हता." गोजरबाई किंचित हसल्या आणि लगेच थांबल्या. "का वो?"

"पडवीत खिळ्यांवर नावं असतात का?"

"कशाची नावं? रिकामा खिळा गावंल तितं टांगायचं."

वृंदाताईंनी तो शर्ट मांडीवर घेतला. त्यांना जे कळलं होतं ते कळायला नको होतं, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी शर्टाची नीट घडी घातली.

"गोजरबाई, सुट्टी संपली की आत या माझ्याबरोबर. पण ऐकायला मिळेल ते सगळं गोड नसेल."

"गोड कुटं मागितलंय मी?"

---

हिमानी सरदेशमुखांनी आक्षेप घेतला. बैठक गोपनीय आहे, नातेवाइकांना बसता येत नाही. वृंदाताई म्हणाल्या, मग माझी सहीही बसणार नाही. ग्राहकाला तीन सह्या हव्या होत्या. गोजरबाईंना दाराजवळची खुर्ची मिळाली.

पाठारे, विनीत, धर्मराज, सगुणाबाई सगळ्यांना वृंदाताईंनी बोलावून घेतलं होतं. नाबर सरांनी बोटं कळफलकावर ठेवली. हिमानीबाई निष्कर्ष सांगू लागल्या, "द कमिटी इज ऑफ द ओपिनियन..."

"अजून नाही," वृंदाताई म्हणाल्या. "आधी मला काही सांगायचंय."

त्यांनी बिल्ले पुन्हा टेबलावर मांडले. शेजारी अक्षयचं कडं ठेवलं.

"या आवारात हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडासाच, पण रात्रंदिवस. तांबं, पितळ, चांदी, सगळ्यांना तो काळं करतो. तुमच्या फाटकावरची समई सकाळी घासली तरी संध्याकाळी काळी होते. हे कडं तांब्याचं. अक्षयच्या हातात होतं, कोळसा झालंय. त्याचा बिल्ला मात्र सोन्यासारखा. पाठारे म्हणतात, वर्षभर हा याच हवेत लटकत होता. रसायनशास्त्र म्हणतं, हा बिल्ला कधी बाहेर आलाच नव्हता."

"घासतात मॅडम ते लोक," पाठारे म्हणाले. "मी म्हटलं ना, काळजी घेतात."

"सगुणाबाईंची जोडवी बघा. काळी आहेत. लग्नातली जोडवी काळी ठेवून कंपनीचा बिल्ला घासत बसणारी बाई मी पाहिलेली नाही. तुम्ही पाहिलीय?"

सगुणाबाईंनी पाय लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतले.

"मुकादमाचा एकट्याचा बिल्ला काळा आणि झिजलेला आहे. फळीवरचा पहिला एकटा हुक झिजलेला आहे, बाकीच्यांचा रंगही गेलेला नाही. म्हणजे वर्षभर इथे एकच बिल्ला लटकत होता. टोळीचा. भगवंतराव सकाळी म्हणाले तेच खरं. हजेरी एक, किटली एक, तसाच बिल्ला एक. हातमोजे काढून प्रत्येकानं बिल्ला अडकवण्यात वेळ जातो, बॅच लांबते. टोळीलाही त्यात वावगं वाटलं नाही, तिला सगळं असंच मिळायची सवय. बाकीचे बिल्ले ऑडिटला दाखवून कुठल्या तरी बंद कपाटात गेले."

त्या विनीतकडे वळल्या. "तू खोटं बोलला नाहीस. फळी खरंच रिकामी होती. पण ती कशानं रिकामी झाली होती?"

विनीतनं पाठाऱ्यांकडे पाहिलं नाही. "मुकादमानं आपला बिल्ला काढला, की आम्ही समजायचो टाकी खाली. तसंच शिकवलेलं. सरांनीच." आणि मग भडाभडा, "सॉरी मौशी. मला माहीत नव्हतं तो खाली आहे. सच में."

गोजरबाईंनी त्याच्याकडे पाहून मान हलवली. त्यात क्षमा होती की नाही, कुणाला कळलं नाही.

"म्हणजे अक्षय परत उतरलाच नव्हता," वृंदाताई म्हणाल्या. "तो वरच आला नव्हता. तळाशी रसायन ढवळायच्या पात्यामागे खरडत राहिला असेल, कानांवर मास्कचे पट्टे. दारू नाही, झोप नाही. तो काम करत होता. सर, हे वाक्य आधी लिहा."

नाबर सरांनी लिहिलं.

"त्याला वर काढल्यावर पाठाऱ्यांनी कपाट उघडलं. टोळी दवाखान्यातून परतली तेव्हा प्रत्येकाला पाठ करायला एक वाक्य मिळालं, आणि आज सकाळी साक्षीपुरता कोरा बिल्ला. बरोबर, सगुणाबाई?"

सगुणाबाई रडत नव्हत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "नायतर समद्यांचं काम जाईल, बोलले. पाड्यावरल्या समद्यांचं."

पाठाऱ्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आता राहिलं नव्हतं. "एका बिल्ल्याचा निर्णय माझा एकट्याचा नाही. सेफ्टी कमिटीत झाला तो. मॅनेजमेंटला माहीत होतं."

"मॅनेजमेंट म्हणजे कोण? नावं सांगा."

पाठाऱ्यांनी हिमानीबाईंकडे पाहिलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तो या समितीच्या कक्षेतला विषय नाही."

"अर्थात," वृंदाताई म्हणाल्या. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. मेलेल्या पोरावर खापर फोडायला एवढी माणसं जमली होती, आता जिवंत माणसाचं नाव घ्यायला कुणाचीच जीभ उचलत नव्हती. "मग कक्षेतलं तेवढं सांगते. अक्षयचा बिल्ला शर्टात कुणी ठेवला?"

"मी नाही ठेवला," पाठारे एकदम म्हणाले.

"मला माहीत आहे. तुम्हाला ते जमलंच नसतं."

वृंदाताईंनी निळ्या चौकड्यांचा शर्ट टेबलावर पसरला.

"पडवीत खिळ्यांवर सगळ्यांचे शर्ट. कुणाचं नाव नाही. काटकुळ्या मुलाचा शर्ट कुठला, असं तुम्ही शोधलं असतं, तर लहान मापाचा उचलला असता. हा अंगापेक्षा दुप्पट आहे. अक्षय त्या दिवशी मामाचा शर्ट घालून आला होता, हे ज्याला ठाऊक होतं त्यानंच बिल्ला यात घातला. ठाऊक होतं टोळीला. पण टोळी जीपमधून गेली होती. मागे राहिला एकच माणूस, आणि त्याला केबिनमध्ये बोलावलं होतं."

कुणी धर्मराजाकडे पाहिलं नाही. तोच हळूहळू उभा राहिला.

"सायेब बोलले, मोजणी तुजी व्हती," तो म्हणाला. तो कुणाला सांगत होता ते कळत नव्हतं. "बोलले, पोरगा तर गेला, आता तू जेलात जाशील, टोळीबी घरी बसंल. येवढा खिशात टाक. मेल्याला काय फरक पडतोय, बोलले. मी... शर्ट माजाच व्हता. हात घातला तवा माज्याच तंबाखूची पुडी लागली हाताला."

हिमानीबाई घसा खाकरून म्हणाल्या की, कंपनी पाठाऱ्यांवर कारवाई करील, मुकादमाचं प्रकरण पोलिसांकडे जाईल आणि समितीचं एकमत झालं असं धरायला हरकत नसावी. कंपनीला अतिशय खेद आहे, हेही अहवालात घालावं. भगवंतनं घाईघाईनं मान डोलावली.

"एकमत नाही," वृंदाताई म्हणाल्या. "एक बिल्ला कुणी मंजूर केला ते लिहिल्याशिवाय मी सही करत नाही. सर, तिघांची मतं वेगवेगळी लिहा, ज्याच्या त्याच्या नावानं."

नाबर सरांनी हिमानीबाईंकडे न बघता मान हलवली आणि नवं पान घेतलं. ग्राहकाकडे काय जाईल, कुठलं पान गाळलं जाईल, हे वृंदाताईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी तशी आशाही धरली नाही.

गोजरबाई खुर्चीतून उठल्या होत्या. त्या टेबलाला वळसा घालून भावासमोर जाऊन उभ्या राहिल्या. डोकं त्याच्या छातीपर्यंतच पोचत होतं.

"दारूचं नाव पुसलं ना, बाई?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

"पुसलं."

"बरं झालं." मग त्या धर्मराजाला म्हणाल्या, "मला येक सांग. बिल्ला काढायच्या आदी हाक मारलीस?"

"मारली ना, आक्का. टाकीत तोंड घालून मारली. चला रे, वर या समदी, आसं बोललो."

"त्ये टोळीला बोललास."

धर्मराजाची नजर टेबलावरच्या शर्टाकडे गेली.

"त्याला मारलीस? अक्षय म्हनून? पाळन्यात नाव तूच ठिवलंवतंस त्याचं."

बाहेर पाळी बदलल्याचा भोंगा झाला आणि थांबला. धर्मराजानं तोंड उघडलं. ओठ हलले, नावाचं पहिलं अक्षर तयार झाल्यासारखं वाटलं. पण आवाज फुटला नाही.

गोजरबाई तिथेच उभ्या होत्या, वर बघत, वाट पाहत.